चोथा कुठे जातो, ते आधी बघा

नमस्कार ताई,

आमच्या घरी भाज्या नीट खाल्ल्या जातच नाहीत. मी सकाळी आठला बाहेर पडते, संध्याकाळी परत येते तेव्हा अंगात त्राण नसतं. ताटात भाजी असते, पण नावापुरती. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर माझी साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, भाज्या वाढवा, वजन थोडं उतरवा. मिस्टरांच्या ऑफिसातल्या एकाने म्हणे रोज सकाळी भाज्यांचा रस पिऊन वजन उतरवलं. तेव्हापासून यांनी ज्यूसरचा ध्यास घेतलाय, तोही महागातला, स्लो ज्यूसर. माझी बहीण म्हणते, ब्लेंडर घे आणि स्मूदी कर. घरात साधा मिक्सर आहेच. सासरे पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांना कवळी आहे, कच्चं काही चावत नाही, तेव्हा त्यांनाही रस देता येईल असं वाटतं. ते रक्त पातळ राहण्याची गोळी घेतात. ओटा लहान आहे, एकच यंत्र मावेल. काय घेऊ?

– ओट्यावर एकच जागा असलेली

प्रिय ताई,

ब्लेंडर घ्या. पण लगेच नको. आधी दोन-तीन आठवडे घरातला मिक्सरच वापरा, आणि सासऱ्यांच्या पेल्यात काही ओतण्याआधी त्यांच्या गोळीचं नाव बघा. सगळं कारणांसकट सांगते, कारण तुमच्या पत्रात एका यंत्राआड तीन माणसांच्या तीन वेगळ्या गरजा आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय निवड नीट होणार नाही.

ज्यूसर भाजी चिरडतो, जाळीतून तिचं पाणी आणि त्यात विरघळलेलं जे काही असेल ते पेल्यात पाठवतो आणि उरलेला चोथा वेगळ्या डब्यात टाकतो. ब्लेंडरला भांडं एकच. त्यात जे घातलं ते सगळं पोटात जातं. फरक एवढाच आहे, पण तुमच्या बाबतीत सगळं या फरकावर ठरतं.

अर्धा किलो गाजरांचं उदाहरण घेऊ. त्यांत सुमारे १४ ग्रॅम तंतू म्हणजे फायबर असतं आणि साखर २३-२४ ग्रॅम. ज्यूसरमधून काढली तर साधारण पाव लिटर रस मिळतो. त्या पेल्यात तंतू उरतात जेमतेम दोन ग्रॅम, आणि साखर असते नऊ-दहा ग्रॅम. बाकीचं मागच्या डब्यात. तो डबा एकदा उघडून बघा. भगवा, ओलसर भुसा असतो, मुठीत दाबला तर बोटांमधून अजून रस गळतो. तो इतका भगवा दिसतो याचा अर्थच हा, की गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिन या घटकाचा मोठा वाटा त्यात अडकून राहिलाय. डॉक्टरांनी तुम्हाला भाज्या वाढवायला सांगितलं आहे, आणि इथे भाजीचा निम्मा भाग डब्यात राहतो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या आणि किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. काठावरच्या साखरेला या तंतूंचा फार उपयोग असतो. त्यांतले विरघळणारे तंतू आतड्यात चिकट, दाटसर होतात आणि साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतात. न विरघळणारे तंतू पोट साफ ठेवतात. मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू तर तंतूंवरच जगतात. विरघळणाऱ्यांपैकी थोडे रसात येतात, पण न विरघळणारे जवळजवळ सगळे जाळीच्या पलीकडे राहतात.

चोथा वाया जाऊ देणार नाही, सूपमध्ये घालू, कणकेत मळू, असं ज्यूसर घेताना प्रत्येक जण म्हणतो. सुरुवातीला तसं होतंही. पण चोथा फ्रिजमध्येसुद्धा फार टिकत नाही, एक-दोन दिवसांत आंबूस वास यायला लागतो. आणि तुमच्यासारखी बाई, जिला संध्याकाळी उभं राहायचं त्राण नसतं, ती रोज चोथ्याचा वेगळा पदार्थ करत बसणार नाही. तिने तो करावा अशी अपेक्षाही कुणी ठेवू नये.

आता तुमच्या मिस्टरांच्या सहकाऱ्याबद्दल. त्यांचं वजन उतरलं असेल, शंका घेण्याचं कारण नाही. सकाळच्या भरपेट नाश्त्याच्या जागी कुणी एक पेला भाजीचा रस प्यायला लागला तर सुरुवातीला वजन उतरणारच. दिवसातलं खाणंच कमी झालं ना. रसात चरबी वितळवणारं काही नसतं. अडचण पुढे येते: रसाने पोट भरत नाही. १९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला होता. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन प्रकारे दिलं: अख्खं, वाटून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हींत सारखी. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला आणि त्याने भूक सर्वांत कमी भागली. अख्ख्या फळाने सर्वांत जास्त, आणि वाटलेलं या दोन्हींच्या मधे. रक्तातली साखर सुरुवातीला तिन्ही वेळा सारखीच चढली, पण रसानंतर ती पुढे जास्त खाली घसरली, आणि रस व वाटलेलं फळ या दोन्हींनंतर इन्सुलिन अख्ख्या फळापेक्षा जास्त वाढलं. साखर अशी घसरली की पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. अकरा वाजता ऑफिसात बिस्किटाच्या पुड्याकडे हात जातो तो असा.

या प्रयोगातलं "वाटलेलं मधे" हे तुमच्या बहिणीनेही लक्षात ठेवावं. ब्लेंडरमध्ये तंतू राहतात हे खरं, पण चावणं जातं आणि सगळं भराभर पोटात उतरतं. बियांसकट वाटलेल्या फळांनी साखर अख्ख्या फळापेक्षा जास्त चढली नाही, असं अलीकडच्या काही छोट्या प्रयोगांत दिसलंय. ती बातमी चांगलीच आहे, पण तिच्या भरवशावर ताटातली भाजी कमी करू नका. ब्लेंडरचा पेला ताटातल्या भाजीच्या जोडीला असू द्या. आणि तो घाईत उभ्याने एका दमात संपवण्यापेक्षा चमच्याने खाण्याइतका दाट करा आणि बसून खा.

दोन्ही यंत्रांना लागू पडणारी एक गोष्ट आहे आणि तिच्यात फार लोक फसतात: फळं. भाज्यांचा रस पहिल्या दिवशी कडसर, मातकट लागतो. मग त्यात एक सफरचंद पडतं, पुढच्या आठवड्यात दोन, मग संत्रं, वर चमचाभर मध. रंग हिरवा राहतो म्हणून आपण समजतो की भाजी पितोय. मध्यम सफरचंदात १८-१९ ग्रॅम साखर असते. रस काढला की ती तंतूंपासून सुटी होते, आणि फळांच्या रसातली अशी साखर जागतिक आरोग्य संघटना मोकळ्या साखरेतच धरते, म्हणजे चहात घातलेल्या साखरेच्या रांगेत. २०१५ च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनेनुसार ही मोकळी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत राहिली तर उत्तम. दोन सफरचंदांच्या "हिरव्या रसा"त सकाळी आठच्या आत तो सगळा कोटा संपतो. तुमची साखर काठावर आहे, तेव्हा तुमच्यासाठी नियम साधा ठेवते: एका पेल्यात जास्तीत जास्त अर्धं फळ, बाकी सगळी भाजी, आणि मध-साखर-गूळ अजिबात नाही. चव सुधारायला लिंबू, आलं, पुदिना, चिमूटभर मीठ, मिरपूड वापरा. कडसरपणावर लिंबू आणि मीठ साखरेपेक्षा चांगलं काम करतात.

स्लो ज्यूसरच्या बाबतीत विक्रेते जे सांगतात त्याचाही विचार करू, कारण मिस्टर त्यावरच अडून बसले असणार. साध्या ज्यूसरची दातेरी चकती मिनिटाला हजारो फेरे घेते. स्लो ज्यूसरमध्ये स्क्रू असतो, तो मिनिटाला साधारण ४० ते १०० फेरे घेत भाजी दाबून पिळतो. त्याने पालेभाज्यांचा रस खरंच जास्त निघतो, फेस कमी होतो, आवाजही कमी. हे सगळं मान्य. पण "वेगाने उष्णता होते, त्यात एन्झाइम मरतात" यात तुमच्या कामाचं काही नाही. पेलाभर रस निघेपर्यंत तो फारसा तापत नाही. आणि भाजीतली एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. जठरातल्या आम्लात त्यांची मोडतोड होणारच असते, ती आधी वाचवून काय मिळवायचं? आणि यंत्र कितीही हळू फिरलं तरी चोथा शेवटी डब्यातच जातो.

आता धुण्याबद्दल, कारण यंत्र घरात टिकणार की माळ्यावर जाणार हे बरंचसं इथे ठरतं. ज्यूसरचे भाग सुटे करायचे म्हणजे झाकण, दांडा, चकती किंवा स्क्रू, जाळी, रसाचं भांडं, चोथ्याचा डबा. त्यातली जाळी सर्वांत त्रासदायक. तिची बारीक भोकं तंतूंनी बुजतात, ते लगेच ब्रशने घासले नाहीत तर वाळून चिकटतात, आणि मग पाण्यात भिजवूनही निघत नाहीत. सकाळी आठला बाहेर पडणाऱ्या बाईने साडेसातला जाळी घासत उभं राहायचं? मिस्टर रोज घासणार असतील तर त्यांच्याकडून आधी तसं कबूल करून घ्या. ब्लेंडरच्या भांड्यात निम्मं पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून अर्धा मिनिट फिरवलं, विसळलं, की रोजची धुणी संपली. आठवड्यातून एकदा खालची रबरी रिंग काढून तिच्या खाचेतलं घासायचं, तिथे काळपट बुरशी धरते.

मिक्सरवर दोन-तीन आठवडे करून बघा म्हणाले, ते कसं करायचं ते नीट सांगते. बरेच जण पहिल्याच प्रयत्नात सगळं कच्चं एकदम कोंबतात, पातं खाली हवेत फिरत राहतं, वर गाजराचे तुकडे तसेच, आणि "मिक्सरमध्ये नाही होत" असं म्हणून दुकान गाठतात.

गाजर, बीट यांसारख्या टणक भाज्या साध्या मिक्सरमध्ये कच्च्या बारीक होत नाहीत, जिभेला रवाळ लागतात. त्या आदल्या रात्री वाफवून ठेवा. वाफवल्याने थोडं सी जीवनसत्त्व कमी होतं, पण गाजरातलं कॅरोटिन शिजवल्यावर आणि वाटल्यावर शरीराला उलट जास्त मिळतं, कारण पेशींच्या भिंती फुटून ते मोकळं होतं. सकाळी भांड्यात आधी अर्धी वाटी पाणी, त्यावर पानं, आणि तेवढंच आधी फिरवा, पानांचा एकही तुकडा दिसेनासा होईपर्यंत. मग काकडी, टोमॅटो यांसारखं रसदार, मग वाफवलेली गाजरं, आणि शेवटी लिंबू-मीठ. अर्धा मिनिट फिरवा, थांबा, चमच्याने बाजू खाली ओढा, पुन्हा अर्धा मिनिट. मोटरचा गरम वास आला तर थांबायलाच हवं. सोबत थोडा स्निग्ध पदार्थ हवा, दोन चमचे दही, चार-पाच बदाम किंवा चमचाभर तेल, कारण कॅरोटिन चरबीत विरघळतं आणि चरबीशिवाय ते जेमतेम शोषलं जातं. आणि गाळू नका. गाळलंत तर ब्लेंडरचाही ज्यूसर झाला.

दाटपणासाठी केळं घालावंसं वाटेल. २०२३ साली एका प्रयोगात दिसलं की केळ्यातल्या एका एन्झाइममुळे सोबत घेतलेले फ्लॅव्हॅनॉल नावाचे घटक शरीराला फार कमी मिळतात. तुमच्या भाजीच्या पेल्याला त्याने फारसं बिघडत नाही, पण केळं साखरेचं फळ आहे, म्हणून अर्धंच.

सुरुवात रोज एका लहान पेल्याने करा. कमी तंतूंची सवय असलेल्या पोटात एकदम तंतू गेले तर पोट फुगतं, वायू धरतो, आणि माणूस दोष भाजीला देतो. आठवड्याभराने प्रमाण वाढवा, आणि दिवसभर पाणी जरा जास्त प्या. पेला करून ठेवायचाच असेल तर बाटली काठोकाठ भरून, लिंबू पिळून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

दोन-तीन आठवड्यांनी काय दिसलं ते बघा. पेला बहुतेक दिवस झाला, पण पानं तोंडात येतात, पोत आवडत नाही, अशी तक्रार उरली असेल तर ब्लेंडर घ्यायला हरकत नाही. त्याची मोटर आणि भांड्याचा आकार भाजी पुन्हा पुन्हा पात्याकडे ओढतो, त्यामुळे फरक खरंच जाणवतो. पेला चार दिवसांतच बंद पडला असेल तर नवं यंत्रही तो चालू ठेवणार नाही. मग पैसे वाचवा आणि ताटातल्या भाजीकडे वळा. घेतलाच तर वॅटच्या आकड्याला फार भुलू नका. काकडी, पानं, वाफवलेल्या भाज्या यांना मध्यम ताकद पुरते, कच्चं गाजर-बीट रोज वाटायचं असेल तरच हजार वॅटच्या पुढे बघा. पातं आणि रिंग सहज सुटतात का, सुटी रिंग नंतर विकत मिळते का, आणि झाकणाच्या मधोमध काढता येईल असं बूच आहे का, हे हाताळून बघा. बुचाचं का म्हणते ते शेवटी येईल.

आता सासरे. मला पत्रात सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटली.

रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या वेगवेगळ्या असतात. वॉरफॅरिन किंवा असेनोकुमॅरॉल असेल तर हिरव्या पानांशी थेट संबंध येतो. या गोळ्या के जीवनसत्त्वाला अडवून काम करतात, आणि हिरवी पानं म्हणजे के जीवनसत्त्वाचं कोठार. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या चौपट असतं. आज एकदम पालकाचा मोठा पेला सुरू झाला तर गोळीचा परिणाम कमी होऊन गुठळीचा धोका वाढतो. महिन्याने पेला अचानक बंद झाला तर उलट रक्तस्रावाचा. या रुग्णांची आयएनआर नावाची रक्ततपासणी वेळोवेळी होते आणि तिच्यावरून डोस ठरतो. पानं पूर्ण वर्ज्य नसतात. रोज साधारण सारख्या प्रमाणात हवीत, आणि बदल करायचा तर डॉक्टरांना सांगून. गोळी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, एपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन असेल तर के जीवनसत्त्वाची ही अडचण येत नाही. तरीही विचारून घ्या.

दुसरं, मूत्रपिंड. पंच्याहत्तरीत ते आधीसारखं काम करत नसतं, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) वाढलेलं असेल तर भाज्यांच्या रसातलं पोटॅशियम शरीराबाहेर नीट पडत नाही. शिवाय पालक आणि बीट यांत ऑक्सॅलेट नावाचं द्रव्य भरपूर. ते लघवीत कॅल्शियमशी जोडून खडे करतं. रोज मोठ्या प्रमाणात हिरवा रस किंवा हिरवी स्मूदी घेऊन ऑक्सॅलेटने मूत्रपिंडाला गंभीर इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. ज्यूसरचा मला सर्वांत खटकणारा दोष हाच आहे: माणूस चावून कधीच खाणार नाही इतका पालक एका पेल्यात मावतो, आणि तो रोज जातो. घरात कुणालाही कधी मुतखडा झाला असेल तर पालक-बीट रोजच्या पेल्यात नकोत. कोबी, काकडी, लेट्यूस यांत ऑक्सॅलेट कमी असतं, ती आलटून पालटून घ्या. पालक हवाच असेल तर उकळत्या पाण्यात घालून ते पाणी टाकून द्या, बरंच ऑक्सॅलेट पाण्यात उतरतं. सोबत दही असलं तर त्यातलं कॅल्शियम उरलेल्यापैकी काहीला आतड्यातच धरून ठेवतं. बीटाचा पेला घेतल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, काहींना ती होतेच, रक्त नसतं ते.

आणि कडू चव. काकडी, दुधी, दोडका, झुकिनी या एकाच कुळातल्या भाज्या आहेत. त्यांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, ते जहर कडू लागतं. त्याने उलट्या, जुलाब, रक्तस्राव होतात, माणसं दगावलीही आहेत. शिजवून ते जात नाही. वाटण्याआधी प्रत्येक फळाच्या देठाकडचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. "कडू म्हणजे औषधी" असं घरात कुणी म्हणालं तर ऐकू नका.

ज्यूसर कुणालाच नको असं माझं म्हणणं नाही. आतड्यांच्या काही आजारांत, शस्त्रक्रियेनंतर किंवा कोलोनोस्कोपीच्या तयारीत डॉक्टर काही दिवस तंतू टाळायला सांगतात, तिथे गाळलेला रस उपयोगी पडतो. कुणाला दाट पोत घशाखाली उतरतच नाही, त्याने भाजी अजिबात न घेण्यापेक्षा रस घेतलेला बरा. तुमच्या तिघांपैकी कुणी यात बसत नाही. मिस्टरांची हौस मोठीच असेल तर त्यांनी ऑफिसातल्या मित्राकडून तो ज्यूसर पंधरा दिवस उसना आणावा आणि स्वतः वापरून, स्वतः धुऊन बघावा.

सासऱ्यांसाठी खरं तर कच्च्या पेल्याची गरजच नाही. त्यांना चावता येत नाही एवढीच अडचण आहे, आणि ती शिजवलेल्या भाज्यांच्या गरम, वाटलेल्या सूपने पूर्ण सुटते. गाजर, भोपळा, टोमॅटो, थोडी डाळ असं मऊ शिजवून वाटलं की तंतू सगळे राहतात, के जीवनसत्त्व बेताचं राहतं, आणि कच्च्या भाजीतून जंतू जाण्याचा धोकाही उरत नाही. या वयात तोही मोठा असतो. त्यांना कधी गिळताना ठसका लागत असेल तर सूप किती दाट हवं ते डॉक्टरांना विचारा, पातळ पदार्थ अशा वेळी श्वासनलिकेत सहज जातात.

गरम सूप वाटताना मात्र फार जपा. बंद भांड्यात गरम द्रव फिरला की वाफ एकदम वाढते, झाकण उडतं आणि हात-चेहरा भाजतो. सूप आधी दहा-पंधरा मिनिटं निवू द्या, भांडं निम्म्याच्या वर भरू नका, झाकणाचं मधलं बूच काढून तिथे घडी केलेलं कापड धरा, आणि सर्वांत कमी वेगावर सुरू करा. बुचाबद्दल म्हटलं होतं ते यासाठी. एका माणसापुरतं भांडं उलटं बसवायचे जे छोटे ब्लेंडर मिळतात, त्यांत वाफेला बाहेर पडायला वाटच नसते. त्यांत गरम काहीही घालू नका.

आज संध्याकाळी सासऱ्यांच्या गोळ्यांचं पाकीट बघून नाव लिहून घ्या, आणि पुढची रक्ततपासणी कधी आहे ते विचारा. तोपर्यंत त्यांना पालकाविना सूप द्या. तुमचा पेला उद्यापासून सुरू करायला काहीच हरकत नाही. दोन गाजरं आज रात्रीच वाफवून फ्रिजमध्ये ठेवा.